टर्की संपते, तिथून पुढे

व्यसनी माणसाच्या घरात एक समज असा मुरलेला असतो की तो कुणी शिकवावा लागत नाही. दारू काय किंवा गर्द (म्हणजे अफूपासून बनलेलं हेरॉइन) काय, ते अंगात भिनलेलं विष आहे. ते उतरेपर्यंतचे आठ-दहा दिवस वाईट जातात. तेवढे निभावले की माणूस मोकळा झाला. त्यानंतर तो पुन्हा प्यायला किंवा पुन्हा गर्द ओढायची पन्नी घेऊन बसला, तर तो त्याचा माज. गर्द ओढणारे त्या आठ-दहा दिवसांच्या यातनांना टर्की म्हणतात. टर्की काढली की काम झालं, या हिशेबाने मुलाला खोलीत कोंडतात, गावी मामाकडे नेऊन ठेवतात, खाटेला बांधतात. ऐपत असली तर दहा दिवस दवाखान्यात ठेवून घरी आणतात. घरी आल्यावर आई ओवाळते, कुणी देवाला नेतं, कुणी मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतं. डॉक्टरला विचारायचा प्रश्नही ठरलेला असतो: आता रक्त पूर्ण साफ झालं ना?

रक्त साफ झालेलं असतं. हा समज सरळसरळ खोटा असता तर त्याचं खंडन सोपं होतं. तो अर्धा खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी माणसं मरतात.

त्याला जोडून दुसरा समज येतो. गर्द किंवा अफूच्या जातीच्या इतर व्यसनांवर ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन हे औषध महिनोन्‌महिने द्यायचं म्हटलं की नातेवाईक म्हणतात, शेजारी म्हणतात, आणि सांगायला वाईट वाटतं पण काही डॉक्टरही म्हणतात: हे म्हणजे एक सोडवून दुसरं लावलंत. दोन्ही समजांचं मूळ एकच आहे. शरीरात पदार्थ असणं म्हणजे व्यसन आणि तो नसणं म्हणजे मुक्ती, अशी ही समजूत आहे.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या जोरानिशी मांडतो. आपल्या आसपास कितीतरी जणांनी एका दिवसात सिगारेट टाकली आणि पुन्हा हातात धरली नाही. माळ घातली आणि दारू सुटली, अशी माणसं पंढरीच्या वाटेवर गावोगाव भेटतील. त्यांना कुणी औषध दिलं नव्हतं. आणि नुसत्या अनुभवावर भागत नसेल तर पूर्वपक्षाकडे एक भक्कम संशोधनही आहे. १९७१ मध्ये व्हिएतनाममधल्या अमेरिकी सैनिकांत हेरॉइनची साथ पसरली होती. माल स्वस्त होता, शुद्ध होता, सिगारेटमध्ये भरून ओढता येत होता. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी जेरोम जॅफी या मानसोपचारतज्ज्ञाच्या हाती मोहीम सोपवली आणि नियम झाला की लघवीची तपासणी निर्दोष आल्याशिवाय सैनिकाने मायदेशीच्या विमानात बसायचं नाही. त्या सप्टेंबरात परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा ली रॉबिन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी केला. तिथे असताना सुमारे एक पंचमांश सैनिक व्यसनी झाले होते. त्यांच्यापैकी घरी गेल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनी झाले ते जेमतेम ५ टक्के. तीन वर्षांचा हिशेब धरला तरी १२ टक्के. बहुतेकांनी कसलाही उपचार घेतला नव्हता.

टर्की काढली, घरी गेले, सुटले. पूर्वपक्षाला याहून चांगला साक्षीदार मिळायचा नाही. या साक्षीदाराची उलटतपासणी मी करणार आहे, पण त्याआधी टर्कीत नेमकं काय घडतं ते जवळून पाहायला हवं.

शेवटचा झुरका मारून आठ-बारा तास झाले की जांभया सुरू होतात. नाक गळतं, डोळ्यांतून पाणी येतं, अंगावर काटा उभा राहतो. मग पोटात पिळे, जुलाब, पोटऱ्यांत आणि हाडांत ठणका. पाय आपोआप झटकले जातात. पांघरूण घेतलं तर उकडतं, काढलं तर हुडहुडी भरते. झोप नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे टिपेला जातं आणि आठवड्या-दहा दिवसांत ओसरतं. आता ही लक्षणं अफूच्या परिणामांशेजारी ठेवून बघा. अफूने पोट बांधलं जातं, टर्कीत जुलाब होतात. अफूने डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, टर्कीत त्या विस्फारतात. अफू गुंगवते, टर्की जागवते. अफू दुखणं बधिर करते, टर्कीत जिथे काही इजा नाही तिथेही दुखतं. विष उतरत असतं तर त्याचे परिणाम हळूहळू कमी झाले असते. इथे प्रत्येक परिणाम उलटा फिरलेला दिसतो.

वेळेचा हिशेबही तेच सांगतो. हेरॉइनचं शरीरात काही मिनिटांत मॉर्फिनमध्ये रूपांतर होतं, आणि रक्तातलं मॉर्फिन दर दोन-तीन तासांनी निम्मं होत जातं. तिसऱ्या दिवशी टर्की ऐन भरात असते, तेव्हा रक्तात गर्द नावालाही उरलेलं नसतं. विष निघून गेल्यावर यातना कळसाला पोचत असतील, तर त्या यातना विषाच्या असू शकत नाहीत.

त्या येतात मेंदूने स्वतः केलेल्या बदलांतून. मेंदूच्या देठापाशी दोन्ही बाजूंना लोकस सेरुलियस नावाचा निळसर पेशींचा एक एवढासा पुंजका असतो. या पेशी नॉरअ‍ॅड्रिनलिन सोडतात. माणसाला जागं ठेवणं, दचकवणं, हृदय धडधडवणं, अंगावर काटा आणणं ही त्यांची कामं. अफू या पेशींच्या रिसेप्टरवर, म्हणजे रसायनांचे निरोप घेणाऱ्या जागांवर, बसली की त्या गप्प होतात. रोज, दिवसातून तीन-चार वेळा त्यांना असं गप्प केलं, तर काही आठवड्यांत त्या आपली आतली यंत्रणा बदलून घेतात आणि अफू असतानाही पूर्वीच्याच जोमाने काम करायला लागतात. मग त्याच गुंगीसाठी जास्त गर्द लागतं. हीच सहनशीलता. आणि ज्या दिवशी अफू मिळत नाही त्या दिवशी, अफूला तोंड द्यायला चढवून ठेवलेली ती यंत्रणा मोकाट सुटते. खांद्यावर जड पोतं घेतलेला हमाल पोत्याच्या विरुद्ध बाजूला कलून चालतो. पोतं अचानक ओढून घेतलं तर तो पोत्याच्या बाजूला पडत नाही, स्वतः कललेला असतो त्या बाजूला पडतो. टर्की हे असं पडणं आहे.

याचा पहिला चोख पुरावा १९७५ मध्ये मिळाला, तोही जिवंत माणसात नव्हे. शैल शर्मा, वर्नर क्ली आणि मार्शल निरेनबर्ग यांनी बशीत वाढवलेल्या मज्जापेशींसारख्या पेशींना मॉर्फिनमध्ये ठेवलं. मॉर्फिनने पेशीतलं सायक्लिक एएमपी हे निरोप्या रसायन आधी घटलं. पण पेशी मॉर्फिनमध्येच राहू दिल्यावर ते रसायन बनवणारं विकर पेशीने वाढवलं आणि पातळी पूर्ववत केली. मग मॉर्फिन काढून घेतलं, तेव्हा ती पातळी मूळच्या कितीतरी वर उसळली. सहनशीलता आणि टर्की, दोन्ही एका बशीत दिसली. बशीतल्या पेशीला संगत नसते, माज नसतो, बापाचा धाक नसतो. तीन वर्षांनी येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी क्लोनिडीन हे रक्तदाबाचं औषध टर्कीत दिलं. अफूच्या रिसेप्टरशी त्याचा काही संबंध नाही. ते लोकस सेरुलियसला शांत करतं. तेवढ्याने टर्कीची बरीचशी लक्षणं निवळली.

दारूचं गणित थोडं वेगळं, आणि जास्त धोक्याचं आहे. दारू मेंदूतल्या गाबा या शांत करणाऱ्या रसायनाला बळ देते आणि ग्लुटामेट या चेतवणाऱ्या रसायनाला दाबते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचा मेंदू म्हणून ब्रेक सैल करतो आणि गती वाढवून ठेवतो. दारू एकदम थांबली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत ती भ्रमिष्ट अवस्था, ज्यात माणूस भिंतीवर किडे बघतो, हात थरथरतात, ताप चढतो, आणि उपचार झाले नाहीत तर जीवही जातो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुष्कळ डॉक्टर मानत की याचं कारण दारुड्याचं कुपोषण. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या लेक्सिंग्टन इथे हॅरिस इस्बेल यांनी दहा जणांना उत्तम जेवण आणि जीवनसत्त्वं देत आठवडेच्या आठवडे दारू पाजली, काहींना तर ८७ दिवसांपर्यंत, आणि मग एकदम बंद केली. ज्यांनी जास्त काळ घेतली होती त्यांना फिट आल्या, भ्रम झाले. कुपोषणाचा सिद्धांत तिथे संपला. (ही माणसं कैदी होती, पूर्वीचे मॉर्फिनचे व्यसनी. आज कुठलीही नीतिसमिती असा प्रयोग करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्यांनी सोसून मिळवून दिलेलं ज्ञान आपण वापरतही नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.)

म्हणून रोज बाटलीभर पिणाऱ्याला खोलीत कोंडणं हा उपचार नाही, तो जिवाशी जुगार आहे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि दारूची दुकानं एका रात्रीत बंद झाली, तेव्हा हे सगळ्या देशाला दिसायला हवं होतं. केरळात काही दिवसांत आत्महत्या झाल्या. सरकारने घाबरून डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला, डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला, उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. दोन्ही टोकांच्या मधली वाट साधी होती आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात करता येण्यासारखी: डॉक्टरच्या नजरेखाली आठवडाभर गाबाला आधार देणाऱ्या डायझेपामसारख्या गोळ्या, रोज कमी करत, आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. शिवाय हेही पुरेसं स्पष्ट आहे की दर वेळी उपचाराविना तोडलेली दारू पुढच्या वेळचा झटका जास्त तीव्र करते. गावी नेऊन चार वेळा कोंडलेला माणूस पाचव्या वेळी पहिल्यापेक्षा जास्त धोक्यात असतो.

इथवर पूर्वपक्ष म्हणेल: ठीक, विष नाही, मेंदूची सवय. पण ती सवयही दहा दिवसांत मोडतेच ना?

मोडतो तिचा वरचा थर. लेक्सिंग्टनलाच १९३५ मध्ये अमेरिकी सरकारने अफूच्या व्यसनींसाठी तुरुंग आणि रुग्णालय एकत्र असलेली प्रचंड संस्था उघडली होती. तिथे क्लिफ्टन हिमेल्सबाख यांनी टर्की मोजायची पहिली पद्धतशीर रीत बसवली: तापमान, रक्तदाब, श्वास, वजन, झोप. त्यांना आढळलं की दहा दिवसांत माणूस उठून चालू-फिरू लागला तरी ही मोजमापं पूर्वपदाला यायला महिने लागतात. १९६९ मध्ये विल्यम मार्टिन आणि डोनाल्ड जॅसिन्स्की यांनी ते आणखी बारकाईने तपासलं. पहिल्या टर्कीनंतर एक दुसरी, दबलेली अवस्था सुरू होते आणि ती सहा महिन्यांपर्यंत, कधी त्याहून जास्त चालते. या काळात माणूस बाहेरून ठणठणीत दिसतो. आतून त्याला झोप नीट लागत नाही, जेवणात चव नसते, पोरांच्या हसण्याने बरं वाटत नाही, लहानशा ताणाने तो कोसळतो. आनंदाची यंत्रणा मंदावलेली असते आणि ताणाची यंत्रणा तापलेली. घरचे म्हणतात, आता कसला चेहरा पाडून बसलाय, सगळं तर ठीक झालं. त्या बिचाऱ्याला स्वतःलाही वाटतं की आपल्यातच काही खोट आहे, व्यसन तर केव्हाच सुटलं.

आणि या सगळ्याखाली तिसरा थर असतो, तो शिकण्याचा. लेक्सिंग्टनच्याच एब्रहॅम विक्लर यांनी १९४० च्या दशकात एक गोष्ट टिपली. महिनोन्‌महिने गर्दापासून दूर असलेले रुग्ण गटात बसून जुन्या दिवसांबद्दल बोलायला लागले की त्यांना जांभया यायच्या, नाक गळायचं. रक्तात काही नाही, टर्की कधीच संपलेली, आणि नुसत्या आठवणीने टर्कीची लक्षणं हजर. मेंदूने अफूला तोंड द्यायची तयारी जागेशी, वेळेशी, माणसांशी बांधून ठेवली होती. ठराविक गल्ली, ठराविक मित्राचा आवाज, पन्नीखाली धरलेल्या काडीचा वास आला की मेंदू आता अफू येणार म्हणून आधीच उलट्या दिशेने कलतो. अफू आली नाही तर त्या कलण्याचीच तळमळ होते.

काळाने ही ओढ आपोआप विरते, असं आपण धरून चालतो. २००१ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात नेमकं उलट दिसलं: कोकेनची सवय लागलेल्या उंदरांना कोकेनशी जोडलेली खूण दाखवली, तर पहिल्या दिवसांपेक्षा दोन महिन्यांनंतर ते खटका जास्त वेळा दाबत होते. टर्कीनंतरचे पहिले काही आठवडे बरे जातात आणि दोन-तीन महिन्यांनी अचानक पाय घसरतो, हे आपल्याकडच्या केंद्रांतले कार्यकर्ते अनुभवाने ओळखतात. त्याला आधार आहे.

आता व्हिएतनामकडे येऊ. लेक्सिंग्टनमधून बाहेर पडून न्यूयॉर्कला घरी गेलेल्या रुग्णांचा पाठपुरावा १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. ९० टक्क्यांहून अधिक जण पुन्हा व्यसनात परतले होते, बहुतेक सहा महिन्यांच्या आत. द्रव्य तेच, माणसाचा मेंदू तोच, आणि लेक्सिंग्टनवाल्यांपैकी अनेकांना तर दहा दिवस नव्हे, महिनोन्‌महिने दूर ठेवलं होतं. तरी एकीकडे शंभरातले नव्वद परतले आणि दुसरीकडे शंभरातले पाच. टर्की काढणं हाच उपचार असता तर निकाल उलटा लागायला हवा होता, कारण सैनिकांची टर्की काही दिवसांत उरकली होती. फरक इतकाच की न्यूयॉर्कचा माणूस त्याच गल्लीत, त्याच जिन्यावर, त्याच मित्रांत परत गेला. सैनिक मात्र ज्या छावणीत, ज्या भीतीत, ज्या सोबत्यांबरोबर ओढायला शिकला ते सारं समुद्रापलीकडे टाकून आला. घरी त्याच्यासाठी नोकरी होती, आई होती, आणि एकही खूण नव्हती. पूर्वपक्षाचा साक्षीदार असा आमच्या बाजूने बोलतो.

माळेचंही तसंच. माळ घालणं ही एका दिवसाची शपथ नसते. सातची वेळ गुत्त्याऐवजी हरिपाठात जाते, सोबत बदलते, ताटातलं बदलतं, आणि माळकऱ्याला ग्लास पुढे करायला गावात कुणी धजत नाही. वर्षातून एकदा वारी येते आणि हे सगळं पुन्हा घट्ट करते. तिथे इच्छाशक्ती आहेच. पण तिला उभं राहायला एक पूर्ण बदललेलं जग मिळालेलं असतं. ज्या मुलाला आपण दहा दिवसांनी त्याच चाळीत, त्याच बेकारीत, त्याच नाक्यासमोर आणून सोडतो त्याला नुसती शपथ देऊन माळकऱ्याशी त्याची तुलना करणं अन्यायाचं आहे. पुण्यात १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं ते गर्दाच्या पहिल्या लाटेत. केंद्रातून बाहेर पडल्यावरचा पाठपुरावा आणि घरच्यांना सोबत घेणं याला तिथे जे महत्त्व मिळालं, ते याच कारणाने योग्य होतं.

खंडनाची खरी निकड मात्र पुढच्या मुद्द्यात आहे. सहनशीलता लवकर जाते, ओढ उशिरा जाते. टर्की काढल्यावर दोन-तीन आठवड्यांत शरीर पूर्वीचा डोस पेलू शकत नाही, पण हाताला जुनं माप ठाऊक असतं. अफू श्वासाचं केंद्र मंदावते. पूर्वी सहज पचलेली मात्रा आता श्वास थांबवते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या ३०,२३७ जणांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटल्यावरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मरण्याचा धोका इतर रहिवाशांच्या १२९ पट निघाला. २००३ मध्ये लंडनच्या जॉन स्ट्रँग आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयात अफूची टर्की काढलेल्या १३७ जणांचा वर्षभर मागोवा घेतला. अतिमात्रेने तिघे गेले आणि ते तिघेही उपचार पूर्ण करून, सहनशीलता गमावून घरी गेलेले होते. ज्यांना आपण यशस्वी म्हणून ओवाळतो, तेच.

यात जागेचाही हात असतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात शेपर्ड सीगल यांनी १९८२ मध्ये उंदरांना हळूहळू वाढवत हेरॉइनची सवय लावली आणि मग सगळ्यांना एकच मोठा डोस दिला. ओळखीच्या खोलीत ज्यांना दिला त्यांतले ३२ टक्के मेले. त्याच उंदरांसारख्या सवयीच्या, पण अनोळखी खोलीत नेलेल्या उंदरांतले ६४ टक्के मेले. खूण दिसली नाही म्हणून मेंदूने तयारी केली नाही. गावी नेऊन ठेवलेला मुलगा तिथे कुठून तरी माल मिळवून पहिल्यांदाच ओढतो, तेव्हा त्याची सहनशीलताही उतरलेली असते आणि जागाही अनोळखी असते.

म्हणून औषधाचा प्रश्न. १९६५ मध्ये न्यूयॉर्कला व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वँडर यांनी २२ हेरॉइनच्या रुग्णांना रोज तोंडावाटे मेथाडोन दिल्याचा अहवाल छापला. मेथाडोन हळू चढतं, दिवसभर टिकतं. रिसेप्टर सतत एका पातळीवर भरलेले राहतात, त्यामुळे दर सहा तासांची झिंग आणि टर्की यांचा पाळणा थांबतो, आणि माणूस कामावर जातो. ब्युप्रेनॉर्फिन आणखी सुरक्षित, कारण ते रिसेप्टर अर्धवटच चालू करतं आणि ठराविक मर्यादेपुढे श्वास दाबत नाही. स्वीडनमध्ये २००३ साली योहान काक्को आणि सहकाऱ्यांनी ४० रुग्ण घेतले. वीस जणांना वर्षभर ब्युप्रेनॉर्फिन, वीस जणांना सहा दिवसांत टर्की काढून मग नुसत्या साखरेसारख्या गोळ्या. समुपदेशन दोघांनाही सारखंच, भरपूर. वर्षाअखेर पहिल्या गटातले ७५ टक्के उपचारात टिकून होते. दुसऱ्या गटातला एकही नव्हता, आणि वीसपैकी चार जण मेले होते. पहिल्या गटातलं कुणी मेलं नाही. २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ही दोन्ही औषधं आहेत.

तरी आक्षेप राहतो: औषध थांबवलं तर टर्की येतेच, मग हे व्यसनच नाही का? यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. शरीराने जुळवून घेणं आणि व्यसन लागणं. गर्द घेणाऱ्या बाईच्या पोटी जन्मलेलं मूल पहिल्या दोन-तीन दिवसांत थरथरतं, कर्कश रडतं, त्याला टर्की येते. त्याला व्यसनी कोण म्हणेल? रक्तदाबाच्या काही गोळ्या एकदम थांबवल्या की नाडी उसळते, रक्तदाब पूर्वीपेक्षा वर जातो. चहा चुकलेल्या दिवशी संध्याकाळी डोकं ठणकतं. हे सगळं पेशींचं जुळवून घेणं आहे. व्यसन म्हणजे नुकसान दिसत असताना, संसार मोडत असताना, पैसे चोरून, खोटं बोलून त्या पदार्थामागे धावणं थांबवता न येणं. ब्युप्रेनॉर्फिनवरचा रिक्षावाला सकाळी जिभेखाली गोळी ठेवतो आणि दिवसभर रिक्षा चालवतो. त्याच्या पेशी औषधाशी जुळलेल्या आहेत. धावणं थांबलेलं आहे.

हे दोन्ही एकच मानण्याची किंमत व्यसनाशी काही संबंध नसलेल्यांनीही मोजली आहे. नीमच-मंदसौरच्या शेतांत कायदेशीर अफू पिकते आणि तिच्यातलं मॉर्फिन जगाला जातं. पण १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आला आणि त्यानंतर १९९७ पर्यंत भारतातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. परवान्यांची कटकट एक, आणि ‘सवय लागेल’ ही भीती दुसरी. हाडांत पसरलेल्या कर्करोगाने कण्हणारी आई घरात आणि मुलगा म्हणतो, डॉक्टर, मॉर्फिन नको, व्यसन लागलं तर? केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि इतरांच्या वर्षानुवर्षांच्या लढ्यानंतर २०१४ मध्ये कायदा सुधारला. भीती सुधारायला अजून वेळ लागतो आहे.

राहिला शेवटचा प्रश्न, आणि तो प्रामाणिक आहे: मग औषध किती दिवस? औषध टर्कीचं नाही, टर्कीनंतरच्या काळाचं आहे, हे मान्य केलं की हिशेब दिवसांत होत नाही. मेंदू कायमचा बिघडला असं म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. नियमित मेथॲम्फेटामीन घेणाऱ्यांच्या मेंदूत डोपामाइन वाहून नेणारे रेणू घटलेले असतात, आणि सलग वर्षभर दूर राहिलेल्यांत ते बऱ्याच अंशी भरून आलेले नोरा व्होल्कोव्ह यांच्या चमूने स्कॅनवर पाहिले. सिगारेट सोडल्यावर निकोटीनचे वाढलेले रिसेप्टर काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत न ओढणाऱ्यांच्या पातळीला येतात. मेंदू परत वळतो. फक्त प्रत्येक थराचा वेग वेगळा असतो. अफूच्या व्यसनात वर्ष-दोन वर्षं, कुणाला त्याहून जास्त काळ औषध लागू शकतं. कमी करायचं तेव्हा आठवड्यांच्या अंतराने, थोडं थोडं, आणि झोप, काम आणि घर बसल्यावर. कमी करताना ओढ परतली तर डोस पुन्हा वाढवायचा, त्याला अपयश समजायचं नाही. औषध सोडून पुन्हा घसरण्याची शक्यता घरच्यांना आधीच सांगून ठेवायची, आणि त्याच दिवशी हेही सांगायचं की असं झालं आणि माणूस बेशुद्ध सापडला, ओठ निळे पडले, श्वास घरघरता झाला, तर मारहाण करून जागं करायचा प्रयत्न करत बसू नका. १०८ ला फोन करा, कुशीवर वळवा, आणि त्याने अफू घेतली होती हे डॉक्टरला लाज न बाळगता सांगा. त्यावर नॅलॉक्सोन हे इंजेक्शन आहे. ते मिनिटांत श्वास परत आणतं.